बहिष्कारापासून गौरवापर्यंत : महर्षी अण्णासाहेब कर्वे
(संघाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



वार्षिक संमेलनात आपल्या समाजातील एखाद्या थोर पुरुषाचे पुण्यस्मरण करावे, असा आपल्या संघाचा प्रघात आहे. यंदा महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याविषयी मी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने मला केली. ती मी आनंदाने शिरसावंद्य मानली. परंतु टिपणे काढावयास बसलो तेव्हा मनाला एक संकोच वाटू लागला आणि तो येथे बोलून दाखविल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. ज्या चित्पावन समाजाच्या वतीने मी आज अण्णासाहेबांचा गौरव करावयास उभा आहे, त्याच समाजाने एके काळी त्यांना वाळीत टाकले होते. तेवढा भाग गाळून भाषण करणे काही अवघड नाही. पण अण्णांनी १९१५ साली आपले 'आत्मवृत्त' लिहिले, तेव्हा स्वतःच्या चुकाही प्रांजळपणे सांगितल्या. अशा पुरुषाविषयी बोलताना आपण आपल्या चुका झाकून ठेवणे योग्य होणार नाही.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यात खेड तालुक्यातील शेरवली या आजोळच्या गावी झाला. घर दापोली तालुक्यातील मुरूडचे. कुटुंब एके काळी खाऊनपिऊन सुखी असलेले, पण पुढे हलाखीस आलेले. वडील केशवपंत दुसऱ्याच्या मालमत्तेची व्यवस्था पाहण्याची नोकरी करीत. कोकणातील आपल्या कित्येक घरांची त्या काळची कथा याहून निराळी नव्हती. मुरूडच्या शाळेत सोमण नावाचे शिक्षक होते. गावाच्या कल्याणाची त्यांना मोठी कळकळ. त्यांच्या प्रेरणेने लहानगा धोंडू दुर्गादेवीच्या देवळात बसून गावकऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवी. सार्वजनिक कार्याचा पहिला धडा त्यांनी गिरविला तो असा, स्वतःच्याच गावाच्या देवळात. हे आपण लक्षात ठेवावे, कारण पुढे त्याच गावाशी त्यांचा प्रसंग पडावयाचा होता.

साताऱ्याच्या प्रवासाची हकीकत आपणांपैकी पुष्कळांनी शालेय पुस्तकांत वाचली असेल. मराठी सहावीची सरकारी परीक्षा द्यावयाची होती. दिवस पावसाळ्याचे, समुद्र खवळलेला, त्यामुळे मुंबईस जाणारे तारू मिळेना. तेव्हा काही सोबत्यांसह हा मुलगा शंभर मैलांहून अधिक वाट पायी तुडवीत, पावसात सह्याद्रीचा घाट चढून साताऱ्यास पोहोचला. तेथे परीक्षामंडळाच्या अध्यक्षांनी त्याच्याकडे पाहिले आणि 'तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस' असे म्हणून त्याला परीक्षेस बसू दिले नाही. वयाचा दाखला जवळ होता, पण अंगकाठी लहान. इतकी पायपीट करून मुलगा रिकाम्या हाती परतला. या प्रसंगाचा उल्लेख बहुतेक वक्ते चिकाटीचे उदाहरण म्हणून करतात आणि ते बरोबरच आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. दाराशी येऊनही ज्याला आत घेतले नाही, त्याचे दुःख काय असते, हे अण्णांनी अगदी कोवळ्या वयात अनुभविले होते.

अण्णा मॅट्रिक झाले ते १८८१ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी; मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून १८८४ मध्ये गणित घेऊन बी. ए. झाले. मुंबईस असतानाच त्यांनी 'मुरूड फंड' सुरू केला. मुंबईत पोटापाण्यास आलेल्या मुरूडकरांनी आपल्या मिळकतीतील अल्पसा हिस्सा गावाच्या कामासाठी काढून ठेवावा, अशी ती योजना होती. आपल्यासारख्या ज्ञातिसंस्था आज जे करतात, त्याचेच हे एक आद्य रूप म्हणावयास हरकत नाही. १८९१ साली पत्नी राधाबाई निवर्तल्या. त्याच वर्षी नामदार गोखले यांच्या आग्रहावरून अण्णा पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे अध्यापक म्हणून आले आणि १९१४ पर्यंत त्यांनी ती सेवा केली.

आता मी त्या अप्रिय भागाकडे येतो. अण्णा विधुर झाले तेव्हा त्यांचे वय तेहतीस वर्षांचे होते. त्या काळच्या रीतीप्रमाणे दहाबारा वर्षांची एखादी कुमारिका त्यांना सहज सांगून आली असती, आणि कोणी चकार शब्द काढला नसता. अण्णांनी निश्चय केला की, लग्न करावयाचे तर विधवेशीच करावयाचे. त्यांचे स्नेही नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई बालपणीच विधवा झाली होती आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होती. त्या संस्थेतील ती पहिली विधवा विद्यार्थिनी. तिच्या वडिलांची संमती घेऊन ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात हा विवाह झाला. गोदूबाईंचे नाव आनंदीबाई ठेवण्यात आले. महाराष्ट्र त्यांना 'बाया कर्वे' म्हणून ओळखतो.

विवाहानंतर अण्णा पत्नीसह मुरूडास गेले. तेथे गावची सभा भरली आणि ठराव झाला की, कर्व्यांशी कोणी व्यवहार ठेवू नये, ते असतील त्या बैठकीस कोणी बसू नये, आणि घरच्या माणसांनी त्यांना घरात ठेवून घेतल्यास त्यांनाही वाळीत टाकावे. ज्या गावासाठी त्यांनी मुंबईत दारोदार हिंडून पैसा उभा केला, त्या गावात त्यांना सख्ख्या आईच्या घरी उघडपणे राहता येईना. ठराव करणारी ही माणसे दुष्ट नव्हती, हे मी मुद्दाम सांगतो. ती आपल्यासारखीच कुटुंबवत्सल, देवधर्म करणारी, शेजाऱ्याच्या अडीअडचणीस धावून जाणारी माणसे होती. त्यांतील कित्येकांच्या घरात एखादी बालविधवा माजघराच्या अंधारात दिवस काढीत असेल. तिच्याकडे पाहून त्यांचे मन द्रवत नव्हते असेही नाही. पण 'लोक काय म्हणतील' या एका धाकापुढे त्यांची दया लंगडी पडे.

येथे एक घरगुती आठवण सांगण्याची अनुज्ञा असावी. माझ्या लहानपणी कोकणातल्या आमच्या घरी आजोबांची एक वृद्ध आत्या होती. लाल आलवण, मस्तकावरून पुढे ओढलेला पदर, आणि हातात सदा काहीतरी काम. तिला कित्येक स्तोत्रे तोंडपाठ होती, पण अक्षरओळख नव्हती. गावाहून पत्र आले की ती मला हाक मारी, आणि मी वाचू लागलो की माझ्या बोटाकडे टक लावून पाही. १९५८ साली अण्णांची शताब्दी झाली, तेव्हा वर्तमानपत्रात त्यांचे छायाचित्र आले होते. 'हे कोण रे?' म्हणून तिने विचारले. मी नाव वाचून दाखविले. ती काही वेळ तशीच बसली आणि म्हणाली, "ह्यांच्या आश्रमात मलाही धाडायचं म्हणत होते हो. वडील माणसांनी नको म्हटलं, मग राहिलं." एवढे बोलून ती उठली आणि कामाला लागली. त्या वेळी मी दहा वर्षांचा होतो. 'मग राहिलं' या दोन शब्दांत काय काय राहून गेले होते, ते मला समजले नाही. पुढे समजले, तेव्हा ती नव्हती.

तो आश्रम कसा उभा राहिला ते थोडक्यात सांगतो. १८९३ च्या अखेरीस अण्णांनी वर्ध्यास विधवाविवाहोत्तेजक मंडळी स्थापन केली. परंतु थोड्याच अवधीत त्यांच्या ध्यानात आले की, पुनर्विवाहाने फार थोड्यांचा प्रश्न सुटेल. विधवेला स्वतःच्या पायांवर उभे करील असे शिक्षण मिळणे ही खरी निकड आहे. म्हणून १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम मंडळी काढली. स्वतःची सारी शिल्लक त्यांनी तिला दिली. पुढे आयुर्विम्याची पॉलिसीही देऊन टाकली. १९०० साली प्लेगमुळे आश्रम पुण्याबाहेर हिंगण्यास न्यावा लागला. रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनी दिलेल्या सहा एकर जागेवर एक झोपडी उभारण्यात आली. कॉलेजातील तास आटोपले की अण्णा आश्रमास लागणारे सामान घेऊन पुण्याहून हिंगण्यास पायी जात, तेथे शिकवीत, आणि पुन्हा परत येत. चिखल असो, काळोख असो, हा क्रम चुकला नाही. ज्या हिंगण्याला तेव्हा धड रस्ता नव्हता, तो भाग आज पुण्यात कर्वेनगर म्हणून ओळखला जातो.

या काळात बाया कर्व्यांनी काय सोसले, याचा उल्लेख सत्कारसमारंभांतून फारसा होत नाही. बाया पुनर्विवाहित. आश्रमातील विधवांचे पालक बिथरतील, 'ही बाई आमच्या मुलींना लग्नास प्रवृत्त करील' असे म्हणतील, म्हणून पतीने ज्या कार्याला देह वाहिला त्या कार्यापासून बायांना दूर राहावे लागले. घरात पैशाची ओढ, पदरी मुले, आणि बाहेर लोकनिंदा. 'माझे पुराण' या आत्मकथनात त्यांनी हे सारे परखडपणे लिहून ठेवले आहे. आपल्या भगिनींनी अण्णांच्या आत्मचरित्राआधी ते पुस्तक वाचावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले याही विधवा. त्यांनी केशवपनाची चाल झुगारली, आश्रमाच्या निधीसाठी गावोगाव फिरल्या आणि थेट अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. त्या इंग्रजी शिकल्या त्यासुद्धा प्रौढपणी.

अण्णांच्या कार्याचा पुढील विस्तार सर्वांस ठाऊक आहे. १९०७ मध्ये महिला विद्यालय निघाले; १९०८ मध्ये निष्काम कर्म मठ स्थापन झाला. जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या हाती आली आणि भारतातही असे विद्यापीठ असावे या विचाराने त्यांना झपाटले. १९१५ च्या डिसेंबरात मुंबईस सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी ही कल्पना मांडली आणि १९१६ साली भारतवर्षीय महिला विद्यापीठ सुरूही केले. पहिल्या वर्षी महाविद्यालयात विद्यार्थिनी किती? अवघ्या पाच. सरकारची मान्यता नाही, जवळ पुंजी नाही, आणि शिक्षण मातृभाषेतून, म्हणून विद्वानांचा उपहास. तरी अण्णांचे काम थांबले नाही. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लक्ष रुपयांची देणगी जाहीर केली, आणि त्यांच्या मातोश्रींचे नाव विद्यापीठास देण्यात आले. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ ते हेच. १९२९ साली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, विद्यापीठाची माहिती जगाला द्यावी म्हणून अण्णा युरोप, अमेरिका व जपान फिरून आले, आणि पुढे आफ्रिकेतही गेले.

अण्णांची सावधगिरी हा त्यांच्या चरित्रातील वादाचा विषय आहे. त्यावरही बोलले पाहिजे. आश्रमात आरंभी ब्राह्मण विधवांनाच प्रवेश मिळे. विठ्ठल रामजी शिंदे यांनी आपल्या बहिणीला तेथे ठेवण्याची इच्छा दर्शविली, तेव्हा ती मराठा असल्यामुळे तिला घेता आले नाही. ही गोष्ट शिंद्यांनी आपल्या आठवणींत नमूद केली आहे. दारातून परत पाठविले गेल्याचे दुःख ज्याने साताऱ्यास भोगले होते, त्याच्याच दारातून एक मुलगी परत गेली! अण्णांची अडचण खरी होती. देणगीदार उच्चवर्णीय, विद्यार्थिनींचे पालक कर्मठ, आणि संस्था अजून रांगती. सर्व आघाड्यांवर एकदम लढू गेलो तर हाती काहीच राहणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. तो बरोबर होता की चुकीचा, याचा निवाडा करण्याचा अधिकार मी घेत नाही. मात्र अण्णा त्या हिशेबाला आयुष्यभर चिकटून बसले नाहीत, हे मला महत्त्वाचे वाटते.

१९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी महाराष्ट्र ग्रामप्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केले. ज्या खेड्यांत शाळा नाही तेथे शाळा काढावी, हा त्याचा उद्देश. तेथे शिकणारी मुले कोणत्या जातीची, हा प्रश्नच उरला नव्हता. त्यासाठी हा वृद्ध गृहस्थ दारोदार जाऊन लहानसहान वर्गण्या गोळा करी. आणि १९४४ साली, शहाऐंशी वर्षांचे असताना, त्यांनी समता संघ काढला. माणसामाणसांतील जन्मजात उच्चनीचपणा नाहीसा व्हावा, हे त्याचे ध्येय. सामान्य माणूस त्या वयात आपली मते आवरती घेतो, आपल्या माणसांत परततो. अण्णांचे वर्तुळ मात्र वयाबरोबर मोठे होत गेले. आरंभी ते मुरूडचे होते, मग आपल्या समाजातील विधवांचे झाले, नंतर साऱ्या स्त्रीजातीचे, आणि अखेरीस मनुष्यमात्राचे.

मानसन्मान पुढे चालून आले. १९५५ मध्ये पद्मविभूषण, १९५८ मध्ये भारतरत्न. त्याच वर्षी मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर पंतप्रधान नेहरूंच्या उपस्थितीत त्यांची जन्मशताब्दी साजरी झाली, आणि टपाल खात्याने त्यांचे चित्र असलेले तिकीट काढले. हयात भारतीयाला लाभलेला तो पहिलाच असा मान. बाया मात्र हा सोहळा पाहावयास नव्हत्या. त्या १९५० साली निवर्तल्या होत्या. अण्णांनी ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, वयाच्या एकशे पाचव्या वर्षी, देह ठेवला.

सभासदहो, अशा पुरुषाचा गौरव ज्ञातिसंस्थेने कसा करावा? त्यांची तसबीर आपल्या सभागृहात लावलेली आहे. तिला आज आपण हारही घातला. 'अण्णा आमचे' असे म्हणताना आपला ऊर भरून येतो आणि त्यात वावगे काही नाही. पण समता संघ काढणाऱ्या माणसाला 'आमचा' म्हणताना जबाबदारी येते. ती जबाबदारी टाळून केलेला गौरव पोकळ ठरेल.

आपणांस विदितच आहे की, संघाच्या मुलींसाठीच्या शिष्यवृत्तिनिधीबाबत एक सूचना कार्यकारी मंडळापुढे आली आहे. निधीचा काही भाग कोणत्याही जातीच्या गरजू विद्यार्थिनीस मिळावा, अशी ती सूचना. त्यावर मतभेद आहेत. काही वडीलधारी मंडळी म्हणतात, आपल्याच समाजात गरजू मुली आहेत, आधी त्यांचे पाहावे. आणि देणगीदारांनी पैसा दिला तो समाजासाठी. हे म्हणणे मी टाकाऊ मानीत नाही. निधीची वही मीही काही वर्षे सांभाळली आहे, आणि वर्गणी मागावयास गेले असता कोणकोणते प्रश्न ऐकावे लागतात, ते मला ठाऊक आहे. म्हणून माझे निवेदन नम्र आहे. जुन्या देणग्या ज्या हेतूने मिळाल्या त्याच हेतूसाठी राहोत. आज जे नवे द्यावयाचे त्याला मात्र जातीची अट नसावी. अण्णांच्या नावाने एक स्वतंत्र निधी असावा, आणि त्यातील पहिली शिष्यवृत्ती कोकणातील एखाद्या खेड्यातील मुलीस, तिचे आडनाव न विचारता, द्यावी. त्यासाठी माझी अल्पशी रक्कम मी आजच चिटणिसांच्या स्वाधीन केली आहे. ती मी माझ्या त्या आत्याआजीच्या स्मरणार्थ दिली आहे.

मुरूडच्या सभेत ठरावावर हात वर करणाऱ्यांत एखादा तरी मनुष्य असा असेल की, ज्याला मनातून तो ठराव पटला नव्हता. तो बोलला असता तर काय झाले असते, कोण जाणे! आपल्या सभेत आज कोणाला कोणाचा धाक नाही. ज्यांना माझी सूचना पटत नाही त्यांनी तसे मोकळेपणाने सांगावे. ज्यांना पटते त्यांनीही गप्प बसू नये, एवढीच विनंती आहे.

माझे बोलणे काहीसे लांबले.  अण्णासाहेब आणि बाया कर्वे या उभयतांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करून मी आपली रजा घेतो.